जाहिरातीखालची बारीक अक्षरं

यंदाही लॉनवर पाट्या उगवल्या आहेत. ऑक्टोबर लागला की आमच्या नोव्हाय गावातली मेपलची झाडं एका अंगाने लाल व्हायला लागतात, दारोदार भोपळे येऊन बसतात, सफरचंदाचा रस काढणाऱ्या सायडर मिलबाहेर गरम डोनट्ससाठी रांगा लागतात, आणि निवडणुकीचं वर्ष असेल तर दर चार घरांआड तारेच्या दोन पायांवर उभी राहिलेली एक पाटी दिसते. याला मत द्या, त्याला देऊ नका. पोस्टाची पेटी उघडली की जाड, चकचकीत कार्डं हातात येतात. त्यांवर एखादी नर्स असते, एखादं म्हातारं माणूस असतं, आणि त्यांच्या डोळ्यांत काळजी असते. मी ते चेहरे बघत नाही. कार्ड उलटं करते आणि अगदी तळाशी, पत्त्याच्या कोपऱ्यात, पैसे कोणी दिले ते ज्या बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं ती अक्षरं आधी वाचते. ही सवय मला गावंडे काकांमुळे लागली.

तेव्हा मी एका डायलिसिस सेंटरमध्ये डाएटिशियन होते. नागपूरहून इथे मास्टर्स करायला आले, शिक्षण संपल्यावर हे सेंटर चालवणाऱ्या कंपनीने नोकरी दिली, व्हिसा दिला, आणि ग्रीन कार्डाचा अर्जही त्यांनीच भरला होता. कंपनीची सेंटर्स देशभर होती. आमचं सेंटर एका छोट्याशा स्ट्रिप मॉलमध्ये होतं. एका बाजूला टायरचं दुकान, दुसऱ्या बाजूला ड्रायक्लीनर. आत गेलं की आधी कानावर यायची ती मशीन्सची एकसुरी घरघर, मग नाकाला जाणवायचा जंतुनाशकाचा वास, आणि मग दिसायच्या ओळीने मांडलेल्या निळ्या रेक्झिनच्या खुर्च्या. खुर्च्यांत गळ्यापर्यंत ब्लँकेट ओढून बसलेली माणसं. रक्त शरीराबाहेर फिरून येताना थंडी वाजते. बाहेर ऊन असो की बर्फ, आतला ऋतू कायम तोच.

गावंडे काका आठवड्यातून तीन दिवस, सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी, दुसऱ्या शिफ्टला यायचे. मूळचे अमरावतीकडचे. सगळा जन्म इथल्या एका गाड्यांच्या कंपनीत ब्रेकचं डिझाइन करण्यात गेला. निवृत्त झाले आणि वर्षभरात किडन्यांनी काम सोडलं. त्यांच्या वडिलांची संत्र्याची बाग होती, आणि मी त्यांना पहिल्याच भेटीत सांगितलं होतं की आता संत्रं खायचं नाही, पोटॅशियम वाढतं. काका म्हणाले, “नागपूरची पोरगी मले संत्रं नको म्हणते. हे पाहाचं बाकी होतं.” त्या दिवसापासून आमची दोस्ती झाली. दर महिन्याला त्यांच्या रक्ताचा रिपोर्ट घेऊन मी खुर्चीशेजारी स्टूल ओढून बसायची आणि आम्ही फॉस्फरसपासून सुरुवात करून कुठल्याही विषयावर पोचायचो. शोभाकाकू त्यांना सोडून भाजी आणायला जायच्या आणि मशीन संपायच्या वेळी परत यायच्या.

त्या वर्षी राज्यात डायलिसिसवरच एक प्रस्ताव मतदानाला आला. आमदारांना बाजूला ठेवून लोकांनीच सह्या गोळा करायच्या, पुरेशा सह्या जमल्या की प्रश्न थेट मतपत्रिकेवर छापला जातो आणि मतदार हो किंवा नाही म्हणतात, अशी ती पद्धत. प्रस्ताव साधा वाटायचा. रुग्ण मशीनवर असेपर्यंत सेंटरमध्ये डॉक्टर हजर असलाच पाहिजे, आणि एका टेक्निशियनकडे किती रुग्ण द्यायचे याला मर्यादा हवी. आमच्याकडे नर्स असायची, टेक्निशियन असायचे, डॉक्टर मात्र फेरीपुरते यायचे. एकेक टेक्निशियन चार-चार खुर्च्यांमध्ये पळत असायचा. मी नवीन होते तेव्हा मला याचं आश्चर्य वाटलं होतं. नंतर सवय झाली.

सप्टेंबरमध्ये आमची मॅनेजर डेनिस हिने सगळ्या स्टाफला ब्रेकरूममध्ये बोलावलं. डेनिस वाईट बाई नव्हती, हे आधीच सांगते. टेक्निशियन म्हणून लागून वर चढलेली, प्रत्येक रुग्णाच्या नातवंडांची नावं पाठ असलेली. ती म्हणाली की हा प्रस्ताव पास झाला तर खर्च इतका वाढेल की कंपनीला सेंटर्स बंद करावी लागतील, आणि आपलं लहान असल्यामुळे पहिला नंबर आपलाच लागेल. हे सांगताना तिचा आवाज खरंच दाटून आला होता. मग तिने टेबलावर एक खोकं ठेवलं. त्यात ‘प्रस्तावाला नाही म्हणा’ असं छापलेले टी-शर्ट होते, छातीवर लावायचे बिल्ले होते आणि रुग्णांना द्यायची पत्रकं होती. सक्ती नाही, असं ती दोनदा म्हणाली. मी बिल्ला घेतला. घरी निखिलला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सांगितलं. त्याचा स्वतःचा वर्क परमिट माझ्या व्हिसावर टांगलेला होता. तो म्हणाला, आपल्याला इथे मतही देता येत नाही यार, मग आपण यात पडायचंच कशाला. लाव बिल्ला आणि गप्प राहा.

त्या आठवड्यात काकांच्या मांडीवर ते पत्रक होतं. मी स्टूल ओढून बसले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि मराठीत विचारलं, “खरं सांग. बंद होईल का हे सेंटर?”

डेनिस माझ्या मागे उभी होती. तिला मराठी कळत नव्हतं, पण पत्रक कळत होतं, आणि काकांचा चेहराही कळत होता. ती माझ्या खांद्यावर हात ठेवून थांबली. मला खरं उत्तर माहीत नव्हतं. माहीत नाही, एवढे दोनच शब्द म्हणायचे होते. मी म्हटलं, “हो काका. होईल बंद.”

नळ्या लावलेला हात त्यांनी जपून ब्लँकेटखाली घेतला. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावरून जे सरकलं ते मला अजून दिसतं. डायलिसिसवरच्या माणसाला तुमचं सेंटर बंद होणार असं सांगणं म्हणजे काय, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. दोन खेपा चुकल्या की पाणी फुप्फुसात चढतं.

त्यानंतर दोनच आठवड्यांनी जाहिरात करणारी माणसं आली. कॅमेरा घेतलेले दोघे आणि फाइल घेतलेली एक बाई. त्यांना खरा रुग्ण हवा होता, स्थानिक, नीट इंग्रजी बोलणारा, मतदार. डेनिसने काकांचं नाव सुचवलं आणि काका लगेच तयार झाले. आपलं सेंटर वाचवायचं म्हणून ते निवृत्तीच्या समारंभातला कोट घालून आले होते. त्या बाईने गोड बोलून तो कोट उतरवायला लावला आणि बरोबर आणलेलं एक तपकिरी स्वेटर दिलं. ते त्यांना सैल होत होतं. त्यात ते आजारी दिसत होते.

मी कोपऱ्यात उभी राहून बघत होते. काका इंग्रजीत म्हणाले, “मला वाटतं, हा प्रस्ताव पास झाला तर कदाचित माझं सेंटर बंद होईल.” ती बाई म्हणाली, छानच, पण जरा सरळ म्हणू या. ‘मला वाटतं’ नको. पुन्हा घेतलं. मग म्हणाली, ‘कदाचित’ही नको. काका क्षणभर थांबले. जन्मभर ब्रेक डिझाइन केलेला माणूस. खात्री नसेल तिथे कदाचित म्हणायचं हे त्यांच्या हाडात होतं. मग त्यांनी कॅमेऱ्यात बघितलं आणि ते वाक्य दोन्ही शब्द गाळून म्हटलं. शेवटी तिने अजून एक वाक्य म्हणून घेतलं : माझं सेंटर बंद करू नका. एका कागदावर सही घेतली, डोनट्सचा डबा स्टाफसाठी ठेवला आणि ती माणसं गेली.

ऑक्टोबरभर काका सगळीकडे होते. टीव्हीवर बातम्यांच्या मध्ये, फुटबॉलच्या मॅचमध्ये, फोनवर रेसिपीचा व्हिडिओ सुरू होण्याआधी, पोस्टातून आलेल्या कार्डांवर. आमची इरा तेव्हा पहिलीत होती. एका संध्याकाळी ती जेवणाच्या टेबलाशी पाय हलवत, काकांच्याच चालीत म्हणाली, “डोन्ट क्लोज माय क्लिनिक.” निखिल हसला. मी तिला सांगितलं, असं बोलू नये, त्या आजोबांना खरंच बरं नाहीये. तिने विचारलं, “देन हू इज क्लोजिंग इट?” मी तिला भात वाढला.

इथल्या मराठी मंडळाचा भोंडला एका शाळेच्या जिममध्ये होता. मधोमध पाटावर हत्तीचं चित्र, भोवती जरीच्या साड्यांचं रिंगण, वर बास्केटबॉलची जाळी. गाणी झाली, खिरापत ओळखून झाली, आणि मग शोभाकाकूंभोवती बायका जमल्या. काका काय सुंदर बोलले, आमच्या डोळ्यांत पाणी आलं, आम्ही सगळे नाहीलाच मत देणार बघा. काकू हसून मान डोलवत होत्या. नंतर चपला घालताना त्या मला हळूच म्हणाल्या की हे हल्ली टीव्ही लावू देत नाहीत. स्वतःचा आवाज आला की उठून आत जातात.

मला ते वातावरण अजून आठवतं. बाहेर सगळं इतकं देखणं, की गाडी थांबवून फोटो काढावेत. सेंटरमध्ये शिरताना बिल्ला नीट लागलाय ना हे मी बघायची. कुणी रुग्ण प्रस्तावाबद्दल विचारेल म्हणून महिन्याच्या रिपोर्टच्या गप्पा आखूड करायची.

मग तो शुक्रवार आला. मी काकांशेजारी बसून त्यांच्या फॉस्फरसबद्दल बोलत होते. त्यांनी जांभई दिली. मग लगेच दुसरी. त्यांचं बोलणं मध्येच तुटलं, कपाळावर घाम आला आणि ओठ राखेसारखे झाले. ब्लड प्रेशर कोसळत होतं. मशीनला हात लावायची मला परवानगी नव्हती. त्यांचा टेक्निशियन पलीकडच्या रांगेत दुसऱ्या रुग्णाच्या हातावरची सुई काढलेली जागा दाबून धरून उभा होता, त्याला तिथून हलता येत नव्हतं. नर्स अगदी टोकाला वाजणाऱ्या एका मशीनपाशी होती. मी दोघांना हाका मारल्या. खुर्चीचा दांडा ओढून पाठ खाली घेतली, पाय वर केले आणि काकांच्या गालावर थापट्या मारत राहिले. काका, इकडे बघा. काका, माझ्याकडे बघा. त्यांचे डोळे उघडे होते, पण ते माझ्याकडे नव्हते.

नर्स धावत आली, तिने सलाइन सोडलं, मशीनचा वेग कमी केला. हळूहळू ओठांना रंग आला. एवढाच प्रसंग. डायलिसिसमध्ये असं होतं, पुष्कळदा होतं, आणि बहुतेक वेळा माणूस सावरतो. नर्सने तिचं काम चोख केलं, टेक्निशियनचीही चूक नव्हती. पण मी तिथे योगायोगाने बसले होते. त्या दिवशी मी दुसऱ्या रुग्णाचा रिपोर्ट आधी घेतला असता तर काकांची ती दुसरी जांभई कुणी बघितली असती, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. खुर्चीत आडवे पडलेले काका छताकडे बघत होते. मग म्हणाले, “डॉक्टर कुठे असतात गं आज?” मी म्हटलं, दुसऱ्या सेंटरला. ते हं म्हणाले.

रविवारी सकाळी काकूंचा फोन आला, नाश्त्याला ये. मी एकटीच गेले. काकूंनी कोथिंबिरीची सांभारवडी केली होती. काकांसाठी वेगळा, बिनमिठाचा उपमा. खाणं झाल्यावर काकांनी टीव्ही लावला आणि जाहिरात येण्याची वाट बघत बसले. फार वाट बघावी लागली नाही. तपकिरी स्वेटरमधले काका पडद्यावर आले, बोलले, आणि शेवटी पडदा पांढरा झाल्यावर खाली दोन सेकंद एक बारीक ओळ दिसली. काकांनी तिथेच चित्र थांबवलं. मला म्हणाले, जवळ जाऊन वाच.

जाहिरातीचे पैसे देणाऱ्या समितीचं नाव होतं रुग्ण आणि सेवकांच्या सुरक्षेसाठी, अशा अर्थाचं काहीतरी. त्याखाली त्याहून बारीक अक्षरांत मुख्य देणगीदार. त्यातलं एक नाव माझ्या कामावरच्या ओळखपत्रावर होतं.

मला धक्का बसला असं म्हणणं खोटं ठरेल. कंपनी पैसे देते हे मला माहीत होतंच. पण काकांनी मग लॅपटॉप उघडला. समित्यांना आपला जमाखर्च राज्याकडे द्यावा लागतो, तो कुणालाही वाचता येतो. त्यांनी तो ओळीने वाचून काढला होता. त्या समितीत रुग्ण नव्हते. माझ्यासारखे सेवक नव्हते. आमच्यासारखी सेंटर्स चालवणाऱ्या मोजक्या कंपन्या होत्या आणि जवळजवळ सगळा पैसा त्यांचा होता. मग त्यांनी दुसऱ्या बाजूची, प्रस्ताव आणणाऱ्यांची, पानं दाखवली. तिथे मुख्यत्वे एका कामगार संघटनेचा पैसा होता. आमच्या सेंटर्समध्ये संघटना उभी करण्याचा त्यांचा कित्येक वर्षांचा प्रयत्न चालला होता. त्यांच्याही पत्रकांवर एक आजारी आजी होती.

“दोन्हीकडे माणूस माझ्यासारखाच,” काका म्हणाले, “आणि पैसा दुसऱ्याचाच. आता मी इंजिनिअर माणूस. एवढ्या पैशात आपल्या सेंटरात किती वर्षं डॉक्टर बसवता आला असता, याचा हिशेब मांडला. अर्ध्यात सोडून दिला.”

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. काकांनी लॅपटॉप मिटला आणि मला विचारलं, तेच, तसंच. “खरं सांग. बंद होईल का सेंटर?”

या वेळी माझ्या मागे कुणी नव्हतं. मी म्हटलं, “काका, मला माहीत नाही. तेव्हाही माहीत नव्हतं. डेनिस मागे उभी होती म्हणून मी हो म्हटलं.”

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते बराच वेळ रिमोटच्या बटणांवरून अंगठा फिरवत राहिले. पडद्यावर ती बारीक ओळ तशीच थांबलेली होती. मग काकूच बोलल्या. त्या कधी फार बोलत नाहीत. म्हणाल्या, “हे महिनाभर झोपले नाहीत गं. सेंटर बंद झालं तर कुठे जाऊ म्हणून नकाशे काढून ठेवलेत.” त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच मला खाली बघावं लागलं.

काकांनी जाहिरात मागे घ्या म्हणून त्या फाइलवाल्या बाईला फोन केला होता. तिने सही केलेल्या कागदाची आठवण करून दिली होती. तेव्हा त्यांनी गावातल्या वर्तमानपत्राला पत्र लिहायचं ठरवलं होतं. सुया टोचून टोचून त्यांचा उजवा हात सुजलेला असायचा, टाइप करायला त्रास व्हायचा. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी लॅपटॉप माझ्यापुढे ओढला.

पत्र लहान होतं. जाहिरातीत दिसतो तो माणूस मी आहे. माझ्या वाक्यात ‘मला वाटतं’ आणि ‘कदाचित’ असे दोन शब्द होते, ते काढले गेले, आणि काढू दिले ही माझी चूक. ते शब्द मी या पत्राने त्यांच्या जागी परत ठेवतो. सेंटर बंद होईल का, मला ठाऊक नाही. तुम्ही हो म्हणा किंवा नाही म्हणा, पण माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणू नका. जाहिरातीखालची ओळ वाचा, दोन्ही बाजूंची. एवढंच. प्रत्येक वाक्य त्यांचं होतं. मी एक स्वल्पविरामसुद्धा घातला नाही.

निखिलला सांगितलं. त्याने आधी विचारलं की पत्रात माझं नाव आहे का. नाही म्हटल्यावर त्याने श्वास सोडला, आणि त्या सोडलेल्या श्वासाची मला लाज वाटली. त्याची नव्हे, माझी. कारण मीही तसाच सोडला होता.

पत्र छापून आलं. पुढच्या काही दिवसांत काकांचा चेहरा टीव्हीवरून नाहीसा झाला. त्यांच्या जागी दुसऱ्या गावची एक बाई आली. वाक्यं तीच होती, स्वेटर मात्र निळं.

डेनिसने मला ऑफिसमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं. तिच्या टेबलावर वर्तमानपत्राचं पान होतं. तिने विचारलं, “त्यांना पत्र लिहायला तू मदत केलीस का?” मी उभीच होते. निखिलचा परमिट, इराची शाळा, वकिलाकडे पडलेली ती जाड फाइल, सगळं त्या खोलीत माझ्या शेजारी येऊन उभं राहिलं. मी म्हटलं, “मी टाइप केलं. शब्द त्यांचे आहेत.”

डेनिस खिडकीबाहेर बघत राहिली. तिकडे टायरच्या दुकानात कुणीतरी हिवाळी टायर चढवून घेत होतं. मग ती म्हणाली, “मला विचारायला सांगितलं होतं. मी विचारलं.” तिने कागद घडी करून खणात टाकला. तिने वर काय कळवलं, मला कधीच कळलं नाही. पुढचे कित्येक दिवस वकिलाची मेल आली की ती उघडण्याआधी मी हात धुऊन यायची. का, ते मलाही सांगता येणार नाही.

प्रस्ताव पडला. काकांनी मत काय दिलं ते त्यांनी काकूंनासुद्धा सांगितलं नाही. निकालाच्या दुसऱ्या दिवशी सेंटरमध्ये केक होता. टेक्निशियन नेहमीसारखेच चार खुर्च्यांमध्ये पळत होते, त्यांतल्या दोघांनी बिल्ला काढून कचऱ्यात टाकलेला मी बघितला. पाट्या उपटल्या गेल्या. पानं गळून गेली. रस्ते इतके गप्प झाले की जणू कुणी काही बोललंच नव्हतं.

आज एवढ्या वर्षांनी मागे बघताना वाटतं की त्या पैशाने खोटी भीती तयार केली नव्हती. काकांची भीती खरी होती, त्यांच्या फुप्फुसाइतकी खरी. पैशाने फक्त ती शोधून काढली, तिला सैल स्वेटर घातलं आणि तिच्या कॉलरला माइक लावला. आणि ती सापडावी म्हणून जिने वाट दाखवली, त्यांच्या भाषेत, ती मी होते.

मार्चमध्ये कंपनीची नोटीस आली. आमचं सेंटर लहान असल्यामुळे परवडत नाही, तेव्हा ते बंद करून रुग्णांना हायवेपलीकडच्या मोठ्या सेंटरमध्ये हलवण्यात येईल. प्रस्तावाचा त्यात उल्लेख नव्हता. असायचं कारणही नव्हतं, तो तर पडला होता. डेनिसला घ्यायला नव्या ठिकाणी मॅनेजरची जागा नव्हती. मला तिसऱ्याच गावच्या सेंटरला पाठवलं, आणि कामाची जागा बदलल्यामुळे ग्रीन कार्डाची फाइल पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करावी लागली. निखिलने सगळे कागद काढून जेवणाच्या टेबलावर मांडायला घेतले.

शेवटच्या दिवशी डेनिस प्रत्येक खुर्चीपाशी जाऊन बसली. काकांपाशी आली तेव्हा मी शेजारीच होते. ती म्हणाली, “मिस्टर गावंडे, मी सांगितलं ते मला खरं वाटत होतं.” काका म्हणाले की ते त्यांना माहीत आहे. तुझ्या डोळ्यांत दिसलं म्हणूनच मी तो कोट घालून आलो होतो. ती त्यांचा हात धरून रडली. काकांनी दुसरा, नळ्या लावलेला हात हलू न देता तिला रडू दिलं.

नव्या सेंटरच्या पहिल्या दिवशी, सोमवारी, मी रजा घेतली. शोभाकाकूंना हायवेवर गाडी चालवायची भीती वाटायची, म्हणून मी दोघांना घेऊन निघाले. रस्त्याच्या कडेला काळवंडलेल्या बर्फाचे ढीग वितळत होते. काका पुढे बसले होते. हायवेला लागल्यावर ते म्हणाले, “तू त्या दिवशी माहीत नाही म्हटलं असतंस, तरी मी जाहिरात केली असती. मी भ्यालो होतो. ती भीती माझी होती, तू आपल्या अंगावर घेऊ नको.” थोडं थांबून म्हणाले, “पण म्हणायला पाहिजे होतंस.”

मी हो म्हटलं. आरशात काकू खिडकीबाहेर बघत होत्या.

नवं सेंटर मोठं होतं. खुर्च्या इतक्या की टोकाची दिसत नव्हती. हसतमुख टेक्निशियनने काकांचं वजन केलं, खुर्ची दाखवली, ब्लँकेट दिलं. काकांनी त्याला विचारलं, इथे डॉक्टर कोणत्या दिवशी येतात. तो म्हणाला, गुरुवारी. काकांनी मान हलवली आणि शर्टाची बाही वर केली.

त्या खोलीत माझं काही काम नव्हतं. मला तिथे ओळखणारंही कुणी नव्हतं. मी वेटिंग रूममध्ये गेले, काचेतून त्यांची खुर्ची दिसेल अशी जागा शोधली, आणि ते मशीनवरून उतरेपर्यंत तिथून हलले नाही.